गाडी जुन्या मोलाची, सामान नव्या मोलाचे

सेलूच्या बाजारात पूर्वी कोणाचा कारोबार कसा चालला आहे, हे दुकानातल्या थानांवरून कळत असे. आता लोक दारातली गाडी पाहतात. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि आमच्या तालुक्यात येळाकेळीजवळ त्यावर चढण्या-उतरण्याची सोय झाली. रस्ता चांगला मिळाला की त्यावर चालवायला गाडीही चांगली हवी, असे तरुण मंडळींना वाटू लागते. ते स्वाभाविकच आहे. एकेकाळी टाटा सुमो घेणारा व्यापारी मोठा समजला जाई; आज त्याच्या मुलाची नजर जर्मन बनावटीच्या छोट्या पण आलिशान गाडीवर असते. कंपन्या तिला 'कॉम्पॅक्ट लक्झरी एसयूव्ही' म्हणतात.

आम्ही या विषयावर लिहावे असे काही वाचक बंधूंनी सुचविले. आम्ही कापडवाले, मोटारीतले जाणकार नव्हे. तेव्हा वर्धा, हिंगणघाट आणि नागपूर येथील ज्या व्यापाऱ्यांनी अशा गाड्या प्रत्यक्ष बाळगल्या त्यांच्याकडे जाऊन बसलो, चहा घेतला आणि त्यांच्या बिलांच्या फायली पाहिल्या. बिले इंग्रजीत, आमचे शिक्षण उर्दू शाळेतले. म्हणून पुतण्याला सोबत नेले होते. मालकांची नावे येथे देत नाही आणि त्यांनी सांगितलेल्या दोषांसोबत कंपनीचे नावही देत नाही. एका गाडीच्या तक्रारीवरून सगळी कंपनी वाईट ठरविणे बरोबर नाही.

आधी थोडी माहिती. आपल्या देशात या जातीची गाडी रुजली ती २०१० नंतर. त्या वर्षाच्या डिसेंबरात बीएमडब्ल्यूची एक्स-१ बावीस लाखांपासून विकायला आली. २०१२ साली ऑडीची क्यू-३ आली आणि पुढे ती औरंगाबादजवळच्या शेंद्रा वसाहतीत जोडली जाऊ लागली. २०१४ साली मर्सिडीजची जीएलए आली. तिची जोडणी पुढच्या वर्षी चाकणला सुरू झाली. म्हणजे ज्यांना आपण विलायती समजतो त्यांतल्या दोन गाड्या आपल्याच महाराष्ट्रात तयार झाल्या. सुट्या भागांचे भाव मात्र विलायतीच राहिले.

मालक काय सांगतात?

गाडी चालवायला कशी, या प्रश्नावर सर्वांचे एकमत दिसले. ताशी १२० च्या वेगात ती जमिनीला धरून चालते, आत आवाज येत नाही आणि नागपूरहून परत आल्यावर कंबर दुखत नाही. हिंगणघाटचे एक गृहस्थ म्हणाले, "भाईजान, गाडी विकली, पण तिची बैठक अजून आठवते." सुरक्षेच्या बाबतीतही या गाड्या मजबूत असतात. पण गाडी महाग आहे म्हणून माणूस आपोआप वाचत नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे ज्या गाडीत निधन झाले ती मर्सिडीजचीच, याहून मोठ्या जातीची गाडी होती. पुढचे दोघे वाचले. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, ते दोघे गेले. आमच्याकडे मागे बसणारा पट्टा लावायला आजही लाजतो.

कौतुकानंतर गोष्ट टायरवर येते. या गाड्यांच्या टायरची कड बुटकी असते. खड्ड्यात चाक आदळले की कडेला फुगा येतो आणि फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. चार टायर म्हणजे ऐंशी हजारांपासून लाखापर्यंतचा खर्च. काही गाड्यांना 'रन-फ्लॅट' टायर असतात. हवा गेली तरी ते ताशी ८० च्या आत सुमारे ८० किलोमीटर चालतात, म्हणून अशा काही गाड्यांत जादा चाक दिलेले नसते. शहरात ही सोय आहे. सेलूसारख्या गावात मात्र तो टायर रिमवरून उतरविण्याचे यंत्र पंक्चरवाल्याकडे सहसा नसते. समृद्धीवर तापलेल्या सिमेंटच्या रस्त्यावर सतत वेगात जायचे तर टायरचे वयही पाहावे. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. '२३२१' असेल तर तो २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. जुनी गाडी घेताना इंजिन पाहण्याआधी हे आकडे पाहावेत. पाहायला पैसे लागत नाहीत.

वर्ध्याच्या एका जिनिंगवाल्यांचा तजुर्बा निराळा. त्यांची गाडी डिझेलची, २०२० नंतरची. या गाड्यांत धूर गाळणारी जाळी असते. तिच्यात साचलेली काजळी जळून जायला गाडी मधूनमधून अर्धा-पाऊण तास सलग वेगात चालावी लागते. यांची गाडी घर ते जिनिंग, जिनिंग ते घर, रोजची तीन किलोमीटर. चौथ्या महिन्यात दिवा लागला. वर्कशॉपने जाळी साफ करून दिली आणि सांगितले की गाडी महिन्यातून दोन-तीनदा तरी महामार्गावर काढा. आता ते दर जुम्म्यानंतर काम नसताना समृद्धीवर चक्कर मारून येतात आणि टोल भरतात! यांतल्या बऱ्याच डिझेल गाड्यांत युरियाच्या पाण्याची वेगळी टाकीही असते. ट्रकवाले बांधव त्याला डीईएफ म्हणून ओळखतात. ते संपू दिले तर बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू होत नाही.

त्याच गृहस्थांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या, ज्या शोरूमवाला कधी सांगणार नाही. रुईचे तंतू एसीच्या जाळीत भरतात, म्हणून जिनिंगच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाडीची जाळी प्रत्येक हंगामात साफ करून घ्यावी. आणि छताची मोठी काच असलेली गाडी कडुनिंबाखाली लावू नये. काचेभोवतीच्या बारीक नळ्या पानांनी तुंबतात आणि पहिल्याच पावसात पाणी आत उतरते. उंदरांचे तर विचारूच नका. साध्या गाडीची कुरतडलेली तार गावचा वायरमन जोडतो. येथे वायरिंगचा अख्खा जुडगा बदलायला सांगतात.

वर्कशॉप नागपूरला. सेलूपासून साठ किलोमीटर म्हणजे फार नाही, पण बंद पडलेली गाडी साठ किलोमीटर ओढून न्यावी लागते आणि सोडायला एक, आणायला एक असे दुकानाचे दोन दिवस जातात. नागपूरच्या एका हार्डवेअरच्या व्यापाऱ्यांची मात्र काहीच तक्रार नव्हती. त्यांनी नवी गाडी घेतली, वॉरंटी वाढवून घेतली, सर्व्हिसचे पैसे आधीच भरून टाकले आणि वॉरंटी संपण्यापूर्वी गाडी विकायची असे पहिल्या दिवशीच ठरविले. वर्कशॉप त्यांच्या घरापासून दहा मिनिटांवर. आमच्या मते समाधानी मालक कोण, याचे उत्तर येथेच मिळते.

जुन्या गाडीचा मोह

आमच्या भागातला व्यापारी चाळीस-पंचेचाळीस लाखांची नवी गाडी क्वचितच घेतो. तो जुनी पाहतो. आमच्या पुतण्यानेही नागपूरला सात वर्षे वापरलेली एक डिझेल गाडी पाहून ठेवली होती, भाव चौदा लाख. "बडे अब्बा, एवढ्या पैशांत तर नवी साधी गाडी येते, ही तर तिसऱ्या हिश्शात मिळते आहे," असे तो म्हणाला. हिशेब चुकीचा नाही, अर्धा आहे. गाडीचा भाव उतरतो, तिच्या सामानाचा उतरत नाही. चौदा लाखांच्या गाडीचा पुढचा एलईडी दिवा फुटला तर तो नव्या गाडीच्याच भावाने, लाखाच्या पुढे, घ्यावा लागतो. दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल काही गाड्यांत दर साठ हजार किलोमीटरला बदलायचे असते. आधीच्या मालकाने ते टाळले असेल तर पुढचे दोन-तीन लाखांचे काम नव्या मालकाच्या नशिबी येते. बॅटरीसुद्धा साधी चालत नाही, आणि काही गाड्यांत नवी बसविल्यावर संगणकाला तसे कळवावे लागते.

चौदा लाख कर्जाने उभे केले, १२ टक्के दर आणि पाच वर्षे धरली, तर हप्ता सुमारे ३१,१०० रुपये पडतो. पाच वर्षांत व्याजापोटी साडेचार लाखांवर रक्कम जाते. आपल्यातल्या अनेकांना व्याजाचाच प्रश्न आहे; तो क्षणभर बाजूला ठेवू. महिन्यात नागपूरच्या दोन फेऱ्या म्हणजे २४० किलोमीटर. हप्ता त्यावर वाटला तर किलोमीटरला जवळपास १३० रुपये झाले, डिझेल आणि टोल वेगळा. आणि रोख दिले तर? तेच चौदा लाख गांधीबागेतून माल उचलायला लागले, वर्षात तीनदा फिरले आणि खर्च जाता शेकडा आठ सुटले, तर वर्षाला ३ लाख ३६ हजार होतात. लग्नसराईच्या तोंडावर हे भांडवल गाडीत अडकले तर दुकानात उधारीचा माल भरावा लागतो, आणि उधारीच्या मालाला भाव कसा लागतो हे कापडवाल्याला सांगायला नको. आमच्या घरी या प्रश्नावर दोन रात्री चर्चा झाली. व्यवहार अजून झालेला नाही. सर्व्हिसची पूर्ण नोंद आणि बाहेरच्या मेकॅनिकचा स्कॅनरचा कागद मिळाल्याशिवाय बयाणा द्यायचा नाही, यावर मात्र पुतण्या स्वतःच ठाम आहे.

या स्कॅनरवरून एक गोष्ट सांगावीशी वाटते. नागपुरात वर्कशॉपबाहेर या गाड्यांची कामे करणारे काही तरुण कारीगर आम्हाला भेटले. त्यांतले बरेचसे आपल्याच मोहल्ल्यांतले. पाना-पकडीइतकाच लॅपटॉप चालवितात आणि कंपनीपेक्षा पुष्कळ कमी मजुरी घेतात. वॉरंटी संपलेली गाडी खरे तर अशाच माणसांच्या भरवशावर चालते. ज्यांची मुले आयटीआयला आहेत त्यांनी या कामाकडे जरूर पाहावे.

कर्ज आणि कर

मराठवाड्यातली एक गोष्ट वाचकांना आठवत असेल. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) व्यापारी-उद्योजकांनी एकत्र येऊन एकाच वेळी दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या. सुमारे ६५ कोटींचा सौदा झाला आणि स्टेट बँकेने त्यासाठी ७ टक्के दराने कर्ज दिले. एकजुटीने गेले की भाव आणि दर दोन्ही उतरतात, हा त्यातला व्यापारी धडा. दुसरी बाजू पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याच वर्षी दाखवून दिली. त्याच मराठवाड्यात शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी याहून पुष्कळ चढ्या दराने कर्ज घ्यावे लागत होते. आमचा अनुभवही वेगळा नाही. गाडीला कर्ज देणारे दारात येतात. यंत्रमागाला किंवा दुकानातल्या मालाला कर्ज मागा, मग किती कागद लागतात ते पाहा.

विक्रेते आणखी एक आमिष दाखवितात: धंद्याच्या नावाने घ्या, जीएसटी परत मिळेल. कापडाच्या व्यापाऱ्याला प्रवासी मोटारीवरचा जीएसटी वजा करून मिळत नाही, कायद्यातच तशी मनाई आहे. आयकरात धंद्याच्या वापरापुरता वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो, एवढेच. उलट महाराष्ट्रात गाडी कंपनीच्या नावावर नोंदविली तर पथकर २० टक्के पडतो. माणसाच्या नावावर वीस लाखांवरील गाडीला तो पेट्रोलसाठी १३ आणि डिझेलसाठी १५ टक्के आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी उपकरासह ५० टक्क्यांऐवजी सरळ ४० टक्के झाला आणि नव्या गाड्या काही लाखांनी उतरल्या. जुनी गाडी विकणारा अजूनही त्याआधीच्या नव्या किमतीशी तुलना करून भाव सांगत असेल, तर त्याला ही तारीख दाखवावी.

दिल्लीहून येणाऱ्या गाड्यांबाबत विशेष सावध असावे. तेथे दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना २०१५ साली हरित लवादाने आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली. २०२५ मध्ये न्यायालयाने त्यात काही सवलत दिली असली, तरी दिल्लीच्या आलिशान गाड्या स्वस्तात इकडे येतच असतात. अशी गाडी घेताना तेथील आरटीओचे ना-हरकत पत्र आहे काय, बँकेचा बोजा फॉर्म ३५ भरून उतरला आहे काय, चलनाची थकबाकी किती, हे पाहावे. महाराष्ट्रात नोंदणी करताना येथील कर पुन्हा भरावा लागतो, तो भावात धरावा. डिझेलची क्यू-३ सुरुवातीच्या वर्षांतली असेल तर आणखी एक चौकशी करावी. फोक्सवॅगन समूहाने धुराच्या चाचणीतील फसवणुकीच्या प्रकरणानंतर डिसेंबर २०१५ मध्ये ऑडी व स्कोडासह ३ लाख २३ हजारांहून अधिक गाड्या सुधारणेसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले होते. ती सुधारणा त्या गाडीत झाली की नाही, हे चासी नंबरवरून वर्कशॉप सांगते. शेवटी विमा. गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांच्या आत विमाही आपल्या नावावर करून घ्यावा. नाहीतर दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई चालू राहते, पण आपल्याच गाडीला काही झाले तर पैसे अडकतात.