बँकेच्या लिलावातील घर : मागील बिले कोणी भरायची?

कापडाच्या धंद्यात लॉटचा माल घेणाऱ्यास एक गोष्ट पक्की ठाऊक असते. माल स्वस्त मिळतो, पण ठाणात डाग निघाला किंवा मीटर कमी भरले तर तक्रार चालत नाही. थकलेल्या कर्जापोटी ताब्यात घेतलेली घरे बँका विकतात, तीही याच रीतीने. वर्तमानपत्रातील नोटिशीत 'जसे आहे जेथे आहे, जसे आहे जे आहे आणि जे काही आहे' असे शब्द छापलेले असतात. बोली लावणारे पुष्कळ लोक किंमत पाहतात, हे शब्द वाचत नाहीत.

आमच्या ओळखीच्या एका यंत्रमाग कारागीर भावाने घरातील दागिने मोडून अशा लिलावात दोन खोल्यांचे घर घेतले. किल्ली हाती आली, परंतु घरात वीज नव्हती. जुन्या मालकाचे 14 महिन्यांचे बिल थकले होते. मुलाबाळांना अंधारात कसे ठेवणार, म्हणून त्याने सारी रक्कम भरली. नंतर आम्ही कागद पाहिले तेव्हा कळले की, यातील आठ महिन्यांचे पैसे त्याच्याकडून मागताच येत नव्हते. अशी वेळ आपल्या इतर बंधूंवर येऊ नये म्हणून हा विषय येथे मांडीत आहोत.

माणसाचे देणे आणि घराचे देणे

बँकेने घर ताब्यात घेतले म्हणजे मागील देणी मिटली, असे होत नाही. बँक 2002 च्या सरफेसी कायद्याखाली आपले कर्ज वसूल करते. विक्रीच्या पैशातून आधी वसुलीचा खर्च आणि मग बँकेचे येणे भागविले जाते. विजेचे वा सोसायटीचे बिल बँक आपण होऊन भरील, ही आशा धरू नये. बँकेस ठाऊक असलेला बोजा विक्रीच्या नोटिशीत सांगणे तिच्यावर बंधनकारक आहे. जे तिला ठाऊक नाही, ते शोधण्याचे काम घेणाऱ्याचे.

काही देणी माणसाच्या मागे जातात, तर काही भिंतींना चिकटून राहतात. कोणते देणे कोणत्या जातीचे, हे ओळखणे महत्त्वाचे.

विजेचे बिल

वीज वापरली जुन्या मालकाने, तेव्हा बिल मुळात त्याचेच. परंतु वीजपुरवठ्याच्या नियमांत तशी तरतूद असेल, तर मागील थकबाकी भरल्याशिवाय नव्या मालकास जोडणी न देण्याचा अधिकार कंपनीस आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये के. सी. निनान प्रकरणात दिला. 'जसे आहे जेथे आहे' या अटीवर घेणाऱ्याने थकबाकीची चौकशी स्वतः करावयास हवी, असेही न्यायालयाने म्हटले.

महाराष्ट्रात अशी तरतूद आहे, पण तिला मर्यादाही आहे. राज्य वीज नियामक आयोगाच्या 2005 च्या संहितेनुसार मागील मालकाची थकबाकी नव्या मालकाकडून जास्तीत जास्त सहा महिन्यांचीच घेता येत असे. 2021 च्या नव्या संहितेतही ही मर्यादा कायम आहे. कायदेशीर वारसास मात्र तिचा लाभ नाही. आमच्या त्या भावास हा एक नियम ठाऊक असता तर त्याचे पैसे वाचले असते. कंपनीने जास्त मागितल्यास या नियमाचा हवाला देऊन लेखी अर्ज करावा आणि पोच घ्यावी.

घरपट्टी व पाणीपट्टी

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949 प्रमाणे, सरकारी जमीन महसूल वगळता, घरपट्टीचा पहिला बोजा त्या इमारतीवरच असतो. म्हणून पालिका नव्या मालकाच्या दारात येते. पाणीपट्टीही पुष्कळ ठिकाणी याच खात्यातून वसूल होते.

येथे एक जुना निकाल सांगण्याजोगा आहे. अहमदाबाद महापालिका विरुद्ध हाजी अब्दुलगफूर हाजी हुसेनभाई या 1971 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लिलावात मालमत्ता घेणाऱ्याच्या बाजूने कौल दिला. थकबाकीची माहिती नसताना मोबदला देऊन प्रामाणिकपणे घेणाऱ्यावर हा बोजा लादता येत नाही, असे न्यायालयाने ठरविले. पण या निकालावर विसंबून बोली लावू नये. आजकाल नोटिशीतच 'सर्व थकीत देणी खरेदीदाराने भरावीत' असे लिहिलेले असते. मग 'आम्हांस ठाऊक नव्हते' हे म्हणणे टिकणे कठीण.

सोसायटीची देणी

देखभाल खर्चाची थकबाकी मिटल्याशिवाय सोसायटी सभासदत्व देण्यास सहसा तयार होत नाही. वाजवी थकबाकीचा तपशीलवार हिशेब मागावा. हस्तांतरणाच्या नावाखाली मात्र मनमानी रक्कम देऊ नये. 9 ऑगस्ट 2001 च्या शासकीय परिपत्रकाने महापालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्याची कमाल मर्यादा 25,000 रुपये ठरविली. 'इमारत निधीस देणगी द्या' असे कोणी म्हटल्यास ही मर्यादा दाखवावी.

ज्याचे घर जात आहे त्याने

बँकेने कुलूप लावले तरी मीटर जुन्या मालकाच्याच नावावर राहतो आणि बंद घरातही स्थिर आकार चढत जातो. म्हणून ताबा देण्याच्या दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो काढावा, जोडणी कायमची बंद करण्याचा अर्ज द्यावा आणि अखेरचे बिल मागावे. सुरक्षा ठेव त्यात वळती करून घ्यावी. विक्रीनंतर बँकेचे येणे भागून रक्कम उरली तर ती हक्काने मागावी. कमी पडली तर बाकीचे देणे अंगावर राहते, हेही ध्यानात ठेवावे.

बोली लावण्यापूर्वी

वीज कंपनी, पालिका आणि सोसायटी या तिघांकडून आजच्या तारखेची थकबाकी लेखी घ्यावी. ती बोलीच्या किमतीत मिळवून मगच घर स्वस्त की महाग ते ठरवावे. कारण बोली मंजूर झाल्यावर एकूण किमतीच्या 25 टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी भरावी लागते, आणि उरलेली रक्कम साधारणतः विक्री कायम झाल्यापासून 15 दिवसांत. मुदत चुकली तर भरलेले पैसे जप्त होतात. अशी जप्ती सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये वैध ठरविली आहे. मागाहून थकबाकी कळली म्हणून पाय मागे घेता येत नाही.

एक शब्द दीनचा. मालातील ऐब लपवून विकणे आपल्याकडे हराम आहे, हे प्रत्येक व्यापाऱ्यास ठाऊक आहे. त्याचप्रमाणे आपण वापरलेल्या विजेचे आणि पाण्याचे बिल दुसऱ्याच्या माथी टाकून जाणे, हा बंद्याच्या हक्काचा प्रश्न आहे. घर गेले तरी तो हिशेब शिल्लक राहतो. आणि घेणाऱ्यानेही हे विसरू नये की, आपल्या हाती आलेली किल्ली कोणाच्या तरी संकटातून आलेली आहे. कायद्याने निघते तेवढे जरूर भरावे, निघत नाही त्यास लेखी नकार द्यावा, आणि जुन्या मालकाची कागदपत्रे वा सामान घरात सापडले तर ती अमानत समजून त्यास पोचती करावी.