चित्र कुणाचे?

मागच्या अंकात आपल्या भित्तिपत्रकावर मोराचे एक चित्र होते. कुणीतरी मोबाइलवर त्याचा फोटो घेतला, खालचे नाव कापले आणि ते चित्र लग्नपत्रिकेवर छापले. "पोराचं तर चित्र, त्यात काय एवढं!" असं काहीजण म्हणाले. म्हणून गुरुजींना विचारून मी ही माहिती लिहीत आहे.

आपल्याकडे १९५७ सालचा कॉपीराइट कायदा आहे. चित्र कागदावर उतरले की त्याचा हक्क ते काढणाऱ्याचा. सरकारात नोंद करता येते, पण केलीच पाहिजे असे नाही. वयाची अट नाही. गंमत म्हणजे चित्र सुंदर असलेच पाहिजे, असंही कायदा म्हणत नाही! (आमच्या वर्गातल्या पुष्कळांना हे ऐकून धीर आला.) हा हक्क चित्रकार हयात असेपर्यंत आणि त्याच्यामागे ६० वर्षे राहतो.

तयार चित्र विकत घेतले तर कागद आपला होतो, छापण्याचा हक्क मिळत नाही. तो लेखी घ्यावा लागतो. मात्र पैसे देऊन मुद्दाम काढून घेतलेल्या चित्राचे उलटे आहे. वेगळा करार नसेल तर हक्क काढून घेणाऱ्याकडे जातो. मला हे काही पटले नाही, पण कायदा तसा आहे. तरीसुद्धा 'हे चित्र मी काढले' असे सांगण्याचा हक्क चित्रकाराकडेच राहतो. म्हणून चित्राखाली नाव व तारीख घालावी, कच्चे रेखाटनही जपून ठेवावे. पालकांनी फोटो घ्यावा, घरी दाखवावा. छापायचे असेल तर आधी विचारावे.

हा कायदा एकेका चित्राला राखतो, चित्र काढण्याच्या पद्धतीला नाही. मग वारली चित्रांचे काय? डहाणूकडे लग्नात बायका गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. ही कला एकट्याची नाही, साऱ्या जमातीची. जिव्या सोमा मशे यांनी ती जगापुढे नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. पुढे चादरी, पेले, पिशव्या सगळीकडे वारली दिसू लागली, पण पैसा भलत्याच्याच खिशात! अशा कलांसाठी १९९९ सालचा भौगोलिक मानांकनाचा कायदा आहे. वारली चित्रांना हे मानांकन मिळालेले आहे. ते नावाचे रक्षण करते. दुकानात 'वारली' लिहिलेली चादर दिसली की मी विचारतो, "ही कुणी काढली?" अजून एकाही दुकानदाराला सांगता आलेलं नाही.