चाई: किडा नाही, आणि घासण्याने बरी होत नाही

डोक्यावर किंवा दाढीत रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडला की घरात निदान तयारच असतं: ‘चाई लागली, किड्याने केस खाल्ले.’ किडा कुठेच नसतो. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच केसांच्या मुळांवर उलटते आणि तिथले केस गळतात. म्हणून चाई एकाची दुसऱ्याला लागत नाही. शाळेत पोराला वेगळं बसवणं हा त्याच्यावर निव्वळ अन्याय आहे. चट्ट्यावर पापुद्रे असतील, खाज सुटत असेल, तर मात्र तो बहुधा नायटा. तो बुरशीने होतो, पसरतो आणि डोक्यावरच्या नायट्याला पोटातून औषध घ्यावं लागतं.

‘आयुर्वेदात सांगितलंय, रक्त येईपर्यंत घासा’ हा गैरसमज जास्त घातक. सुश्रुतसंहितेत या रोगाला इंद्रलुप्त म्हटलंय. वात-पित्ताने केस गळतात, मग रक्तासह कफ रोमकूप (केसांची रंध्रं) अडवतो आणि नवा केस उगवत नाही, अशी तिथली मांडणी. उपचारांत स्नेहन-स्वेदनानंतर (तेल-तूप आणि शेक) शिरावेध (शिरेतून रक्त काढणं), चट्ट्यावर प्रच्छान (बारीक ओरखडे) करून गुंजेचा लेप, मालती, कण्हेर, चित्रक, करंज यांनी सिद्ध केलेलं तेल येतं. ही वैद्याच्या हातची कामं. गुंजेत ॲब्रिन हे जहाल विष असतं, कण्हेरही विषारी. औषधात घेण्याआधी गुंजेचं शोधन (शुद्धीकरण) करतात ते उगाच नाही. घरात काय होतं? खरखरीत फडक्याने कातडी सोलायची आणि वर जमालगोटा उगाळून लावायचा. फोड येतात, जखम चिघळते. चाईत केसाचं मूळ सहसा जिवंत असतं. जखमेचा व्रण राहिला तर ते कायमचं जातं.

त्वचा चाळवून केस आणण्याची कल्पना मात्र टाकाऊ नाही. आजचे त्वचारोगतज्ज्ञही काही रुग्णांत डायफेनसायप्रोन हे रसायन लावून मुद्दाम सौम्य ॲलर्जी उठवतात, पण मोजून, देखरेखीखाली.

‘कांद्याच्या रसाने आमच्याकडे हमखास येतात.’ बगदादमध्ये केलेल्या, 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रस लावलेल्या 23 पैकी 20 जणांचे केस सहा आठवड्यांत उगवले. साधं पाणी लावलेल्या 15 पैकी दोघांचे. आशा वाटावी असा निकाल, पण अभ्यास अगदी छोटा. शिवाय एखाददुसरा चट्टा असेल तर जवळपास निम्म्या लोकांचे केस वर्षभरात आपोआप येतात. त्या वेळी जे तेल चालू असेल, त्याला श्रेय मिळतं.

हस्तिदंताची मषी (जाळून केलेली काळी पूड) विकणारेही भेटतात. ग्रंथांत ती आहे, पण आज आपल्याकडे हस्तिदंताचा व्यापार वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

चट्टे वाढत असतील, भुवया-पापण्या गळत असतील, नखांवर बारीक खड्डे दिसत असतील, तर थांबू नका. त्वचारोगतज्ज्ञ चट्ट्यात स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, गरज वाटली तर थायरॉइडही तपासतात. वैद्यांकडे जायचं तर शिकलेल्या, नोंदणीकृत वैद्यांकडे जा, आणि चालू असलेली सगळी औषधं दोघांनाही सांगा. नवे केस आधी पांढरे, मऊ येतात. ते पाहून उपचार फसले असं समजू नका. बहुतेकांचा रंग पुढे परततो.