डोमिसाईल काढलं म्हणजे झालं, असं नाही! दहावी-बारावी कुठून केली, तेही बघतात. अकरावीत टाकण्याआधी हे वाचा

कोंढा (ता. पवनी) : दहावीचा निकाल लागला की आपल्या भागात दोन चर्चा एकदमच सुरू होतात. एक धानाच्या पऱ्ह्याची आणि दुसरी पोराला अकरावीत कुठे टाकायचं याची. कोणी कोट्याचं नाव काढतो, कोणी भिलाईचं, कोणी हैदराबादचं. क्लासची फी, होस्टेल, मेस, सगळ्याचा हिशेब होतो. एक गोष्ट मात्र बहुतेक घरांत राहूनच जाते : बारावीच्या मार्कशीटवर कोणत्या राज्याचं नाव येणार?

दोन वर्षांनी मेडिकल किंवा इंजिनीअरिंगचा फॉर्म भरताना हाच प्रश्न समोर येतो. बाप गावचा, माय गावची, सातबारा गावचा, मग पोरगा बाहेरचा कसा? प्रश्न रास्त आहे, पण नियम तसा चालत नाही. 'महाराष्ट्राचा विद्यार्थी' कोणाला म्हणायचं, हे प्रत्येक कोर्सला वेगळं ठरतं.

सर्वात कडक नियम मेडिकलचा. सरकारी मेडिकल कॉलेजच्या १०० जागा धरल्या तर १५ जागा देशभरातल्या मुलांसाठी आणि ८५ राज्याच्या कोट्यात असतात. या ८५ मध्ये बसायला डोमिसाईल तर लागतंच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून पास असावी लागते. सरकारी नोकरीत किंवा सैन्यात असलेल्यांच्या मुलांना काही सवलती आहेत, शेतकऱ्याच्या पोराला नाहीत. म्हणजे पोराने बारावी राजस्थानातून किंवा छत्तीसगडमधून केली, तर नीटमध्ये चांगले मार्क असूनही तो त्या १५ जागांच्या देशभरच्या गर्दीत जातो. भंडाऱ्याला २०२४ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, गोंदियाला त्याच्या आधीपासून. घराजवळच्या कॉलेजात जागा असून पोराला राज्य कोट्यात फॉर्मच भरता येऊ नये, यापेक्षा वाईट काय?

क्लास कुठे लावायचा हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. पण बारावीचा बोर्डाचा फॉर्म कोणत्या राज्यातल्या कॉलेजातून भरला जाणार, हे अकरावीची ॲडमिशन घेतानाच लेखी विचारून घ्या. 'आम्ही सगळं पाहून घेऊ' एवढ्या उत्तरावर पैसे भरू नका.

इंजिनीअरिंगला नियम थोडा सैल आहे. सीईटी सेल महाराष्ट्राच्या उमेदवारांचे प्रकार पाडते. दहावी आणि बारावी (किंवा डिप्लोमा) दोन्ही महाराष्ट्रातून केली असेल तर पोरगा 'टाईप ए'. शिक्षण बाहेर झालं, पण त्याचं स्वतःचं किंवा आई-वडिलांपैकी एकाचं महाराष्ट्राचं डोमिसाईल आहे, तर 'टाईप बी'. 'सी' आणि 'डी' हे केंद्र आणि राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी. 'टाईप ई' कर्नाटकातल्या वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी आहे. ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे, तिथली ही मुलं. रायपूर, सुरत किंवा हैदराबादला कामासाठी गेलेल्या आपल्याकडच्या कुटुंबांना 'टाईप बी' उपयोगाचा आहे. पोरगा तिकडे शिकला तरी वडिलांचं डोमिसाईल असेल तर दार बंद होत नाही. म्हणून गावी आलात की आधी स्वतःचं डोमिसाईल काढून ठेवा.

नागपूरच्या व्हीएनआयटीचं गणित आणखी वेगळं. तिथे निम्म्या जागा राज्यातल्या मुलांसाठी असतात, पण जेईई मेनमध्ये 'राज्य' म्हणजे जिथून बारावी केली ते. तिथे डोमिसाईल दाखवून काही होत नाही. कोट्याहून बारावी केली की त्या हिशेबात पोरगा राजस्थानचा.

राज्यातल्या राज्यातही एक खोच आहे. इंजिनीअरिंगच्या बऱ्याच कॉलेजांत गृह विद्यापीठाच्या मुलांसाठी ७० टक्के आणि बाहेरच्या विद्यापीठाच्या मुलांसाठी ३० टक्के अशी जागांची वाटणी चालत आली आहे. भंडारा जिल्हा राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात येतो. पण टाईप ए मध्ये गृह विद्यापीठ ठरतं ते बारावी जिथे केली त्या जागेवरून. पोराने लातूरला बारावी केली तर त्याचं गृह विद्यापीठ नांदेडचं होतं आणि नागपूरच्या कॉलेजांत तो बाहेरचा ठरतो. लातूरला पाठवू नका असं म्हणणं नाही, माहीत असून पाठवा. त्या वर्षीची सीईटी सेलची माहितीपुस्तिकाही एकदा उघडून बघा, नियमांत दरवर्षी काही ना काही बदलतं.

फी माफीचं काय?

अमेरिकेत सरकारी विद्यापीठं राज्यातल्या मुलांना कमी आणि बाहेरच्यांना कितीतरी जास्त फी लावतात. आपल्याकडे सवलत बहुतेक करून शिष्यवृत्तीच्या वाटेने, महाडीबीटी पोर्टलवरून मिळते, आणि तिथेही महाराष्ट्राचा रहिवासी असल्याचा पुरावा लागतो.

खुल्या गटातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मी शिक्षण फी मिळते. मुलींसाठी तर जुलै २०२४ मध्ये मोठा निर्णय झाला. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरातल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींची व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. आधी ही माफी निम्मीच होती. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त आणि ओबीसी मुलांच्या योजना वेगळ्या आहेत.

यात दोन अटींवर लोक फसतात. एक, ॲडमिशन सरकारी कॅप राउंडमधून झालेली पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतली तर माफी नाही. दुसरी, अभिमत आणि खासगी विद्यापीठं मुलींच्या या माफीत नाहीत. 'इथेही स्कॉलरशिप मिळते' असं एजंट सांगत असेल तर योजनेचं नाव विचारा.

जन्म की वास्तव्य?

राज्याने आपल्या आणि बाहेरच्या मुलांत फरक करावा का, हा वाद जुना आहे. इंदूरच्या महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेजात मध्य भारतच्या बाहेरच्या मुलांकडून कॅपिटेशन फी घ्यायचे. दिल्लीचे डी. पी. जोशी त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेले. २७ जानेवारी १९५५ ला कोर्टाने बहुमताने सांगितलं की घटनेचं कलम १५ जन्मस्थानावरून भेदभाव करायला मनाई करतं, पण राहण्याचं ठिकाण आणि जन्मस्थान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जोशी हरले. १९८४ च्या प्रदीप जैन प्रकरणात कोर्टाने आणखी स्पष्ट केलं की देशाचं डोमिसाईल एकच, भारताचं. राज्यं ज्याला डोमिसाईल म्हणतात तो खरं तर कायम राहण्याचा पुरावा. जानेवारी २०२५ मध्ये एमडी-एमएसच्या जागांवरचं असं राज्य-रहिवासी आरक्षण कोर्टाने रद्द केलं. एमबीबीएसचा राज्य कोटा मात्र कायम आहे.

दाखला काढताना

दाखल्याचं पूर्ण नाव 'वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र'. अर्ज आपले सरकार पोर्टलवरून, सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्रातून होतो आणि पवनी तहसीलला जातो. मूळ अट आहे महाराष्ट्रात १५ वर्षं राहिल्याची. नीट वाचा, महाराष्ट्रात. एकाच गावात नाही. गोसीखुर्दमुळे उठून नव्या गावठाणात गेलेल्यांचं जुनं राशन कार्ड बुडालेल्या गावचं आणि घर टॅक्सची पावती नव्या पत्त्याची असते. दोन्ही जोडा. दोन्ही पत्ते राज्यातलेच आहेत, वर्षं तुटत नाहीत.

आपल्याकडे नेहमी अडतं ते जन्माच्या ठिकाणावर. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेर बालाघाट किंवा सिवनीकडचं. पोराच्या जन्म दाखल्यावर मध्य प्रदेश येतो आणि सेतूवाला जास्तीचे कागद मागतो. घाबरायचं नाही. पहिलीपासूनचे शाळेचे बोनाफाईड आणि टीसी, वडिलांचं डोमिसाईल, राशन कार्ड, सातबारा, जुनी लाईट बिलं, यातून १५ वर्षं दाखवता येतात. बाहेरच्या राज्यातून लग्न होऊन आलेल्या सुनेला नर्सिंग किंवा बीएडला जायचं असेल तर लग्नाचा दाखला आणि नवऱ्याचं डोमिसाईल हाताशी ठेवा.

नावाचं स्पेलिंग हा दुसरा ताप. टीसीवर एक, आधारवर दुसरं, जन्म दाखल्यावर तिसरं. दुरुस्ती शाळेत असतानाच करून घ्या. शाळा सोडल्यावर टीसी दुरुस्त करायला फार फिरावं लागतं.

आणि ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर? शाळा-कॉलेजच्या कामासाठी लागणाऱ्या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला तो लागत नाही, असं महसूल विभागाने २०२५ मध्ये पुन्हा बजावलं आहे. साध्या कागदावर स्वतःच्या सहीचं घोषणापत्र चालतं. केंद्रात दरफलक लावलेला असतो, त्याहून जास्त पैसे मागितले तर पावती मागा.

लोकसेवा हक्क कायद्यात या दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे. मुदत गेली किंवा अर्ज फेटाळला तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं, म्हणून अर्जाची पोच आणि नंबर फोटो काढून ठेवा. जूनमध्ये सेतूवर रांग आणि सर्व्हर दोन्ही अडतात. दिवाळीच्या सुट्टीत पोरगा घरी असतो, तेव्हा अर्ज टाका. डोमिसाईल उत्पन्नाच्या दाखल्यासारखं दरवर्षी नव्याने काढावं लागत नाही. हातात आल्यावर नाव, जन्मतारीख आणि बारकोड तिथेच उभं राहून तपासा. महाडीबीटीवर तोच बारकोड टाकावा लागतो.