पुरलेल्या जहाजांवरचं शहर

सॅन फ्रान्सिस्कोचं क्षेत्रफळ जेमतेम १२१ चौरस किलोमीटर. तीन बाजूंना पाणी, मधे टेकड्या, वस्ती साडेआठ लाखांच्या आसपास. अमेरिकेतल्या नामांकित शहरांच्या मानाने हे चिमुकलंच. तरीही त्याचे आकडे वाचताना मती गुंग होते, ती त्याच्या वेगामुळे. १८४७ साली जन्मलेल्या आणि नव्वदी गाठलेल्या माणसाने हे शहर उभं राहताना, जळताना, कोसळताना आणि पुन्हा उभं राहताना पाहिलं असतं.

१८४७ मध्ये इथे सुमारे साडेचारशे माणसं होती. २४ जानेवारी १८४८ रोजी कोलोमा इथे, लाकूड कापायच्या गिरणीच्या पाटात, जेम्स मार्शलला सोनं दिसलं. १८४९ सरताना शहराची वस्ती २५ हजारांच्या घरात होती. बरेच जण समुद्रमार्गे आले. केप हॉर्नला वळसा घालायचा तर पाच-सहा महिने जात. खाडीत नांगर पडला की प्रवाशांपाठोपाठ खलाशीही खाणींकडे पळत. शेकडो जहाजं बंदरात बेवारस उभी राहिली.

लाकडाचा तुटवडा होता, सपाट जागेचा तर त्याहून. लोकांनी जहाजं किनाऱ्याला ओढून त्यांची गोदामं, दुकानं, लॉज केली. ‘युफेमिया’ नावाच्या जहाजाचा तुरुंग झाला. भोवती वाळू-माती लोटून समुद्र मागे हटवला. आज जिथे बँका आणि विमा कंपन्यांचे मनोरे आहेत, तिथे जमिनीखाली कित्येक डझन जहाजं पुरलेली आहेत. ‘नायँटिक’ हे देवमाशांच्या शिकारीचं जहाज १९७८ मध्ये एका इमारतीचा पाया खणताना हाती लागलं. १९९४ मध्ये ट्रामचा बोगदा खणताना ‘रोम’ आडवं आलं. बोगदा त्याच्या पोटातूनच काढला गेला, आणि आजही प्रवासी त्यातून ये-जा करतात. मला या शहराचं सर्वांत जास्त अप्रूप वाटतं ते इथे.

डिसेंबर १८४९ ते जून १८५१ या दीड वर्षात शहर सहा-सात वेळा पेटलं. शहराच्या मुद्रेवर राखेतून उठणारा फिनिक्स पक्षी आला तो या आगींनंतर. सर्वांत मोठी आग तर अजून व्हायची होती.

१८ एप्रिल १९०६, पहाटेचे ५ वाजून १२ मिनिटं. हादरा मिनिटभराच्या आतला. तेवढ्यात सॅन अँड्रियास भ्रंशरेषा ४७७ किलोमीटर फाटली आणि काही ठिकाणी जमीन सहा मीटर बाजूला सरकली. पाण्याचे मुख्य नळ फुटले, त्यामुळे आग विझवायला पाणीच उरलं नाही. शहर तीन दिवस जळत राहिलं. सुमारे २८ हजार इमारती गेल्या. चार लाख लोकवस्तीतले सव्वादोन लाख उघड्यावर आले. त्यांच्यासाठी उद्यानांत ५,६१० लाकडी खोपटी बांधली गेली. त्यांतली थोडी अजून शिल्लक आहेत.

मृतांचा आकडा मात्र कित्येक दशकं काही शेकड्यांवरच थांबला होता. भूकंपाचं नाव मोठं झालं तर पैसा गुंतवायला कोण येणार, ही धास्ती व्यापाऱ्यांना होती. पुढे शहराच्या ग्रंथालयातल्या ग्लॅडिस हॅन्सन यांनी पत्रं, नोंदी, कुटुंबांच्या आठवणी जमवत एकेक नाव शोधलं. आज किमान तीन हजार मृत्यू मानले जातात. चायनाटाउनमधल्या माणसांची तर तेव्हा धड मोजदादच झाली नव्हती. मला या शहराच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा आकडा हाच वाटतो, कारण तो एका बाईने चिकाटीने दुरुस्त केला.

त्याच आगीत सरकारी जन्मनोंदी जळाल्या. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना देशाची दारं बंद होती. पण आता जन्म इथलाच, म्हणून आपण नागरिक, असं सांगितलं तर खोडून काढायला कागद नव्हता. आपण नागरिकांची मुलं आहोत असं सांगत चीनमधून हजारो तरुण आले. त्यांना पारखायला खाडीतल्या एंजल बेटावर १९१० ते १९४० पर्यंत तपासणी-केंद्र चाललं. तिथल्या लाकडी भिंतींवर डांबलेल्यांनी कोरलेल्या दोनशेहून अधिक चिनी कविता सापडल्या आहेत.

याच काळात, १ नोव्हेंबर १९१३ रोजी, या शहरातून ‘गदर’चा पहिला अंक निघाला. भारताच्या स्वातंत्र्यासाठी उभ्या राहिलेल्या गदर चळवळीचं हे पत्र. तिच्या संस्थापकांत वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे तिच्याचसाठी अमेरिकेतून मायदेशी परतले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरला फासावर गेले.

आणि मग तो पूल. गोल्डन गेटचं काम ५ जानेवारी १९३३ रोजी, ऐन मंदीत सुरू झालं. दोन मनोऱ्यांमधलं अंतर १,२८० मीटर. १९६४ पर्यंत जगात एवढा लांब झुलता गाळा दुसरा नव्हता. मनोरे पाण्यापासून २२७ मीटर उंच. दोन मुख्य केबल, प्रत्येकीत २७,५७२ तारा, आणि सगळी तार सलग जोडली तर सुमारे १ लाख २९ हजार किलोमीटर, म्हणजे पृथ्वीला तीन वेढे घालूनही उरेल एवढी. त्या काळी मोठ्या पुलाच्या कामात दर दहा लाख डॉलरमागे एक मजूर जाणार असं धरून चालत. इथे मुख्य अभियंते जोसेफ स्ट्रॉस यांनी कामाखाली जाळं बांधायला लावलं. त्या जाळ्याने १९ जणांना झेललं. तरी ११ जण गेले, त्यांतले दहा एकाच दिवशी, मचाण कोसळून जाळंच फाटलं तेव्हा.

२७ मे १९३७ रोजी पूल पायी चालणाऱ्यांसाठी खुला झाला, तेव्हा पहिल्या दिवशी सुमारे दोन लाख माणसं आली. पन्नास वर्षांनी, मे १९८७ मध्ये, वर्धापनदिनाला जवळपास तीन लाख माणसं एकाच वेळी पुलावर चढली. तासन्‌तास कुणाला पुढेही सरकता येईना, मागेही. रस्त्याची एरवीची कमान त्या भाराने सपाट झाली. मोटारींची रांगच्या रांगही कधी देत नाही एवढं वजन त्या दिवशी नुसत्या माणसांचं होतं, आणि पुलाने ते पेललं.