शेतातली फवारणी, फुप्फुसातली बुरशी

ॲस्परजिलस फ्युमिगॅटस ही बुरशी मुळात कुजणाऱ्या पालापाचोळ्यात वाढणारी. कंपोस्टच्या ढिगातली 50 अंशांची धग ती सोसते, त्यामुळे माणसाच्या शरीरातली ऊब तिला जड जात नाही. तिचे बीजाणू जेमतेम 2 ते 3 मायक्रॉनचे असतात आणि श्वासाबरोबर थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. असे शेकडो बीजाणू आपण रोज आत घेतो, पण धडधाकट माणसाच्या पांढऱ्या पेशी त्यांचा वेळीच निकाल लावतात. रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या किंवा अवयव प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या फुप्फुसात मात्र ती मूळ धरते, आणि उपचार मिळूनही अनेकजण दगावतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये घातक बुरशींची यादी केली, तेव्हा तिला सर्वाधिक गंभीर गटात ठेवलं ते यामुळेच.

तिच्यावरचं मुख्य औषध म्हणजे व्होरिकोनाझोलसारखी ॲझोल. बुरशीच्या पेशीचं आवरण टिकण्यासाठी लागणारं अर्गोस्टेरॉल ज्या विकराच्या साहाय्याने बनतं, त्या विकरालाच ही औषधं निकामी करतात. पिकांवर फवारली जाणारी टेब्युकोनाझोल, हेक्झाकोनाझोल ही बुरशीनाशकंही नेमकं हेच करतात. नेदरलँड्समध्ये 1990च्या दशकाच्या अखेरीपासून औषधाला न जुमानणारी बुरशी रुग्णांत सापडू लागली. तिच्या जनुकात एक ठरावीक जोडबदल होता: जनुकाआधीचा 34 अक्षरांचा तुकडा दोनदा आलेला आणि विकरातल्या 98व्या जागेवरचं अमिनो आम्ल बदललेलं. पुढे हीच खूण मातीत आणि कंपोस्टमध्ये मिळाली. दिल्लीच्या संशोधकांनी ती भारतातही नोंदवली.

हा प्रतिकार शेतातल्या फवारणीतून नव्हे, तर रुग्णालयातल्या दीर्घ उपचारांतून उपजला असेल, असा आक्षेप घेता येतो. काही रुग्णांत तसं घडतंही. पण नेदरलँड्समधल्या अशा बहुसंख्य रुग्णांनी आधी ॲझोल घेतलेलंच नव्हतं. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या बुरशीचे जनुकसंच तपासले, तेव्हा रुग्णांतले आणि बाहेरच्या परिसरातले काही नमुने जवळजवळ एकसारखे निघाले. म्हणजे ती प्रतिकार घेऊनच फुप्फुसात शिरली होती.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा, आणि तो रास्त आहे. द्राक्षावर भुरी आली की नाशिकच्या बागायतदाराने फवारणी न करून कसं चालेल? म्हणूनच सरसकट बंदी हे उत्तर नव्हे. फवारलेला काडीकचरा जिथे कुजतो, तिथे बुरशी आणि औषधाचा अंश एकत्र येतात. त्या ढिगांची नीट विल्हेवाट लावणं हे पहिलं काम. दुसरं काम धोरणकर्त्यांचं. ओलोरोफिम हे नवं औषध अजून चाचण्यांतून जात असतानाच, ओलोरोफिम ज्या विकराला लक्ष्य करतं त्याच विकरावर घाव घालणारं इप्फ्लुफेनोक्विन हे कृषी बुरशीनाशक अमेरिकेत मंजूरही झालं. ॲझोलच्या बाबतीत जे अजाणता घडलं, ते आता कळूनसवरून घडू द्यायचं का? नव्या बुरशीनाशकाला परवाना देण्याआधी कृषी खात्याने आरोग्य खात्याचा सल्ला घेणं कायद्यानेच बंधनकारक हवं.