उरलेल्या मुदतीची खासदारकी

फेब्रुवारी २०१३ मध्ये आमच्या चंदगड विधानसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली, ती इथल्या लहानथोरांना आठवते. विधानसभेचे माजी अध्यक्ष बाबासाहेब कुपेकर सप्टेंबर २०१२ मध्ये गेले. त्यांच्या रिकाम्या जागी संध्यादेवी कुपेकर निवडून आल्या. काजू मोहरलेला, सुगी नुकतीच उरकलेली आणि पटणे फाट्यापासून तिलारीपर्यंत प्रचाराच्या जीपगाड्या फिरत होत्या. कुणी कुणाचं काम केलं, कुठल्या वाडीने कुणाला हात दिला, याचा हिशेब अजूनही चहाच्या टपरीवर निघतो.

त्याच्या महिनाभर आधी आणखी एक पोटनिवडणूक होऊन गेली होती. विलासराव देशमुख १४ ऑगस्ट २०१२ रोजी निवर्तले, तेव्हा ते राज्यसभेचे सदस्य होते. त्यांच्या जागेवर जानेवारी २०१३ मध्ये रजनी पाटील निवडून गेल्या. या निवडणुकीचे मतदार म्हणजे विधानसभेचे आमदार, आणि नेमका आमचा आमदार तेव्हा नव्हता. मतदारयादीत चंदगडची ओळच रिकामी होती. एक रिकामी जागा भरली जात असताना ती भरणाऱ्यांतली एक जागा आमची, तीही रिकामी! तेव्हापासून मला या विषयाने धरलं ते आजतागायत. वर्तमानपत्रांतली कात्रणं, निवडणूक आयोगाची पत्रकं, कोणाच्या जागी कोण आणि कुठल्या तारखेपर्यंत, हे सगळं वहीत उतरवत आलो आहे. बेळगावला बाजाराला गेलो तरी रद्दीवाल्याकडे जुन्या अंकांचा गठ्ठा चाळल्याशिवाय परतत नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगून टाकतो. राज्यसभा कधी विसर्जित होत नाही. सदस्याची मुदत सहा वर्षांची आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. आज सभागृहात २४५ जागा आहेत. त्यांपैकी १२ राष्ट्रपतिनियुक्त, बाकीच्या राज्यांच्या व काही केंद्रशासित प्रदेशांच्या. महाराष्ट्राच्या वाट्याला १९. सदस्याचा मृत्यू झाला, त्याने राजीनामा दिला, तो अपात्र ठरला किंवा लोकसभेवर निवडून गेला की जागा रिकामी होते. १९९६ साली लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १५१-क आलं, त्यानुसार ती सहा महिन्यांच्या आत भरावी लागते. मात्र उरलेली मुदत वर्षाच्या आत असेल, तर हे बंधन नाही.

आता माझ्या आवडीच्या कोपऱ्याकडे वळतो. पोटनिवडणुकीत निवडून आलेल्याला सहा वर्षं मिळत नाहीत. आधीच्या सदस्याची जेवढी मुदत उरली असेल तेवढीच मिळते. म्हणजे मुदत माणसाची नसते, खुर्चीची असते. काँग्रेसचे राजीव सातव एप्रिल २०२० मध्ये राज्यसभेवर गेले आणि १६ मे २०२१ रोजी कोरोनानंतरच्या गुंतागुंतीने वयाच्या अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी गेले. त्यांची उरलेली साडेचार वर्षं रजनी पाटील यांच्याकडे आली. विलासरावांची उरलेली पाच-सव्वापाच वर्षंही त्यांच्याचकडे आली होती. दोन वेळा राज्यसभा, दोन्ही वेळा पोटनिवडणुकीतून आणि दोन्ही वेळा एका सहकाऱ्याच्या मृत्यूनंतर. माझ्या वहीत असं दुसरं मराठी नाव नाही.

पण या खुर्चीच्या मुदतीपेक्षा तिच्यामागचं गणित मला जास्त अस्वस्थ करतं. ते समजायला कोल्हापूरकरांनी जून २०२२ आठवावा.

१० जून २०२२. महाराष्ट्रातून सहा जागा, सात उमेदवार. सहाव्या जागेसाठी दोघे झुंजले, ते दोघेही आमच्या कोल्हापूरचे : भाजपचे धनंजय महाडिक आणि शिवसेनेचे संजय पवार. चंदगडचे तेव्हाचे आमदार राजेश पाटील राष्ट्रवादीचे होते, त्यामुळे मुंबईतल्या त्या मतपेटीकडे आमच्या तालुक्याचंही लक्ष होतं. मतदान झालं, पण मतांवर आक्षेप निघाले, ते दिल्लीत आयोगाकडे गेले आणि मोजणी खोळंबली. अखेर शिवसेनेचे आमदार सुहास कांदे यांचं मत बाद ठरलं आणि निकाल दुसऱ्या दिवशी पहाटे लागला. त्या रात्री आमच्याकडे पावसाची झड होती आणि वीज येऊन-जाऊन होती. मोबाइलच्या उजेडात मी कागदावर आकडे मांडत बसलो होतो.

ते आकडे इथे पुन्हा मांडतो, कारण सगळी गंमत त्यांतच आहे. वैध मतं २८४. जागा एकापेक्षा जास्त असतील तेव्हा प्रत्येक मताचं मूल्य १०० धरतात, म्हणजे एकूण २८,४००. जागा सहा, म्हणून सातने भागायचं आणि एक मिळवायचा. कोटा येतो ४,०५८, म्हणजे ४१ मतांच्याही किंचित आत. पहिल्या पसंतीत पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८, इम्रान प्रतापगढी ४४, प्रफुल्ल पटेल ४३, संजय राऊत ४१, संजय पवार ३३ आणि धनंजय महाडिक २७. पवार सहा मतांनी पुढे होते, तरी हरले. गोयल आणि बोंडे यांच्याकडे कोट्यापेक्षा प्रत्येकी ७४२ मूल्याची मतं शिल्लक होती. त्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती महाडिकांची होती आणि शिल्लक मूल्य त्यांच्याकडे वळलं.

ही पद्धत मला मनापासून आवडते. तिचं मर्म असं की सभागृहात ज्याचा सातवा हिस्सा आहे, त्यालाही एक जागा मिळते. विधानसभेतली लहान बाजूही दिल्लीत दिसते. मतपत्रिकाही पाहण्यासारखी असते. उमेदवाराच्या नावापुढे आयोगानेच दिलेल्या जांभळ्या स्केचपेनने पसंतीचा अंक लिहायचा. स्वतःचं पेन वापरलं तर मत बाद. अंक इंग्रजी चालतो, रोमन चालतो, आपला मराठी १ आणि २ सुद्धा चालतो, पण ‘एक’ असं अक्षरी लिहिलेलं चालत नाही. ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय या निवडणुकीत नसतो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो काढून टाकला. २००३ पासून हे मतदान खुलं आहे. आमदाराने मत पेटीत टाकण्याआधी आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायचं असतं. मुंबईला विधानभवन बघायला गेलो होतो तेव्हा तिथल्या एका कर्मचाऱ्याने मला हे सगळं हातवारे करून दाखवलं होतं : कागद किती उघडायचा, कुणासमोर धरायचा आणि हातातून का सोडायचा नाही.

आता पोटनिवडणूक. जागा एकच. भागायचं दोनाने आणि एक मिळवायचा. सगळे २८८ मतदार आले तर लागतात १४५ मतं. ४१ मतांनी मिळालेली खुर्ची रिकामी झाली की ती भरायला १४५ मतं लागतात! म्हणजे ज्या गटाची ती होती त्याचा तिच्यावर काही हक्क उरत नाही, त्या दिवशी विधानसभेत ज्याचं बहुमत त्याची ती होते. प्रमाणशीर प्रतिनिधित्व हा राज्यसभेचा पाया, आणि पोटनिवडणुकीत नेमका तोच निघून जातो.

राजस्थानचं उदाहरण घ्या. भाजपचे मदनलाल सैनी जून २०१९ मध्ये वारले. तिथे तोवर काँग्रेसचं राज्य आलं होतं. ऑगस्टमध्ये त्या जागेवरून डॉ. मनमोहन सिंग बिनविरोध राज्यसभेत गेले. व्यक्ती म्हणून त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे, पण भाजपची जागा काँग्रेसकडे गेली ती केवळ एका मृत्यूच्या तारखेमुळे, हेही खरं.

गुजरातचा खटला याहून महत्त्वाचा. २०१९ साली अमित शहा आणि स्मृती इराणी लोकसभेवर निवडून आले. त्यांच्या राज्यसभेच्या दोन्ही जागा २०१७ च्या एकाच निवडणुकीतल्या, मुदत संपण्याची तारीखही एक. दोन जागा एकत्र भरल्या असत्या तर तिनाने भागून कोटा निघाला असता आणि १८२ आमदारांच्या त्या विधानसभेत सत्तरएक आमदार असलेल्या काँग्रेसला एक जागा सहज मिळाली असती. आयोगाने दोन स्वतंत्र पोटनिवडणुका एकाच दिवशी, ५ जुलैला ठेवल्या. प्रत्येक जागेची रिक्तता वेगळी, म्हणून निवडणूक वेगळी, ही आयोगाची जुनी भूमिका. दिल्ली उच्च न्यायालयाचा आधारही तिला होता. काँग्रेसचे परेश धनानी सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने निवडणूक थांबवायला नकार दिला. एस. जयशंकर आणि जुगलजी ठाकोर, दोघेही भाजपचे, निवडून आले.

कायद्याच्या अक्षराला धरून ते बरोबर असेल. मला ते न्याय्य वाटत नाही. एकाच दिवशी, त्याच मतदारांकडून, एकाच तारखेला संपणाऱ्या दोन जागा भरायच्या आणि तरी दोन मतपेट्या ठेवायच्या, यामागे काय तत्त्व आहे ते मला इतक्या वाचनानंतरही सापडलेलं नाही.

महाराष्ट्रात २०२४ साली काय झालं, तेही माझ्या वहीतलं लांबलेलं पान आहे. प्रफुल्ल पटेल यांची मुदत जुलै २०२८ पर्यंत होती. फेब्रुवारीत ते नव्या सहा वर्षांसाठी निवडून आले आणि जुनी जागा त्यांनी सोडली. त्या उरलेल्या मुदतीवर १८ जूनला सुनेत्रा पवार बिनविरोध आल्या. बारामतीतून लोकसभा हरून त्यांना तेव्हा पंधरवडाच झाला होता. त्याच जूनमध्ये पीयूष गोयल आणि उदयनराजे भोसले लोकसभेवर गेले. राज्यसभेचा सदस्य लोकसभेवर निवडून आला की त्याची वरची जागा निवडीच्या तारखेपासून आपोआप रिकामी होते, वेगळा राजीनामा लागत नाही. २७ ऑगस्टला त्या दोन जागांवर वाईचे नितीन पाटील आणि रायगडचे धैर्यशील पाटील बिनविरोध निवडून आले. नितीन पाटलांना गोयल यांची २०२८ पर्यंतची मुदत मिळाली, धैर्यशील पाटलांना उदयनराजेंची एप्रिल २०२६ पर्यंतची.

पटेल आणि गोयल यांच्या जागा २०२२ च्या त्या पहाटेच्या निकालातल्या. ज्या सहा जागांसाठी एकेका मतावर दिल्लीपर्यंत वाद गेला, त्यांतल्या दोन जागा त्याच विधानसभेने दोन वर्षांनी एकही मत न देता भरल्या. विरोधकांचं बळ तेव्हा उमेदवार निवडून आणण्याएवढं नव्हतं, म्हणून निकाल बदलला असता असं मी म्हणत नाही. पण मत न पडता खासदार झाला की आमदाराने कुणाला पसंती दिली, याची नोंदच कुठे राहत नाही.

बिनविरोधाची दुसरी, चांगली बाजूही आहे. २००६ साली सुप्रिया सुळे राज्यसभेवर आल्या त्या पोटनिवडणुकीतून. बाळासाहेब ठाकरे विरोधी पक्षाचे नेते असूनही, डोळ्यांदेखत वाढलेल्या मुलीविरुद्ध उमेदवार देणार नाही असं त्यांनी कळवल्याचा प्रसंग शरद पवारांनी आत्मचरित्रात सांगितला आहे. २०२१ मध्ये सातवांच्या जागेसाठी भाजपने संजय उपाध्याय यांना उभं केलं होतं. काँग्रेसचे बाळासाहेब थोरात आणि नाना पटोले देवेंद्र फडणवीसांना जाऊन भेटले, अर्ज मागे घेतला गेला आणि ४ ऑक्टोबरचं मतदान टळलं. मृत सदस्याची जागा त्याच्याच पक्षाकडे राहू द्यावी, ही रीत कायद्यात कुठेही नाही. तिथे कायद्याने सोडलेली फट नेत्यांच्या सौजन्याने बुजवली आणि मला ते मोठं वाटतं. मात्र सौजन्यावर राज्यघटनेचं काम सोपवता येत नाही. कोल्हापूर उत्तर विधानसभा मतदारसंघात आमदार चंद्रकांत जाधव यांच्या निधनानंतर एप्रिल २०२२ मध्ये चुरशीची लढत झालीच होती. तिथे निदान मतदार तरी लोक होते.

घाट उतरला की आमचा शेजारी कोकण. राजापूरमधून लोकसभेवर जाणारे सुरेश प्रभू नोव्हेंबर २०१४ मध्ये रेल्वेमंत्री झाले आणि पोटनिवडणुकीतून राज्यसभेत आले ते हरियाणातून. त्याच वर्षी प्रकाश जावडेकर मध्य प्रदेशातून आले, फग्गनसिंह कुलस्ते लोकसभेवर गेल्याने मोकळ्या झालेल्या जागेवर. मंत्री झालेल्याने सहा महिन्यांत कुठल्या तरी सभागृहात यावं लागतं, आणि रिकामी खुर्ची अशा वेळी पक्षाच्या कामी येते. २००३ पर्यंत उमेदवार त्याच राज्याचा मतदार असावा लागे. ती अट गेली नसती तर मालवणी मुलखातला माणूस हरियाणाचा खासदार झाला नसता. अट काढली ते चुकलं, असं माझं स्पष्ट मत आहे. राज्यांची सभा म्हणायचं तर त्या राज्याचा माणूस तिथे हवा.

एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या महाराष्ट्रातल्या सात जागांच्या मुदतीवर एकच तारीख होती, २ एप्रिल २०२६. त्या सातांतल्या दोन जागांवर, सातवांच्या आणि उदयनराजेंच्या, अखेरपर्यंत बसायला निवडले गेले ते मूळचे विजेते नव्हेत.

माझी मागणी साधी आहे. एकाच निवडणुकीतून भरलेल्या आणि एकाच दिवशी संपणाऱ्या जागा एका वेळी रिकाम्या असतील, तर त्या एकाच मतपत्रिकेवर, पसंतीक्रमाने भराव्यात, एवढी दुरुस्ती लोकप्रतिनिधित्व कायद्यात व्हावी. ती संसदेने करायची आहे, पण तिची मागणी आमदारांकडून जाऊ शकते. तुमच्या मतदारसंघाचा आमदार यापुढे राज्यसभेच्या मतदानाला मुंबईला निघाला, की त्याला गाठा आणि पहिली पसंती कुणाला व का दिलीस, दुसरी कुणाला दिलीस, हे विचारा. पक्षाच्या प्रतिनिधीला ते मत दाखवणं त्याला बंधनकारक आहे, मग ज्यांच्या मतांवर तो आमदार झाला त्यांना ते सांगायला त्याची हरकत असू नये.